आखाजीच्या तोंडावर

"कूलर बंद कर रे जरासा," आप्पा कामाच्या पोराला सांगतात. मग दुरुस्तीवाल्याकडे वळून म्हणतात, "आयक आते."

कूलरचं पातं हळूहळू थांबतं आणि दुकानात दुसराच एक आवाज उरतो. घर्र... टक्‌टक्... घर्र. टेबलावरच्या काळ्या पडद्याच्या पाठीमागून तो येतो आहे. थोडा वेळ एका पट्टीत चालतो, मधेच चढतो, चढता चढता कशाला तरी घासल्यासारखा अडतो आणि परत खाली येतो.

"हाऊ आवाज तीन महिनापासून शे," आप्पा म्हणतात.

दुरुस्तीवाला पोरगा पंचविशीचा असेल. भडगावहून मोटरसायकलवर आला आहे, डोक्याला बांधलेला रुमाल अजून सोडलेला नाही. पडद्यावर काय चाललंय ते तो पाहतच नाही. यंत्राच्या मागे, वरच्या बाजूला जिथे हवेसाठी फटी आहेत तिथे तळहात धरतो आणि तसाच उभा राहतो. "आप्पा, हवा बाहेर येतच नाही. पंखा नुसता बोंबलतोय."

पाचोऱ्याच्या स्टेशन रोडवरच्या एका बोळात हे छपाईचं दुकान आहे. बॅनर, बिलबुकं, कर्जाच्या अर्जांच्या झेरॉक्स असं सगळंच इथे होतं. पण वर्षाची खरी कमाई लग्नपत्रिकांची. पाचोरा-जामनेर ही पीजे गाडी धावत होती तेव्हा जामनेरकडची माणसं स्टेशनावर उतरून पायीच इथे यायची, असं आप्पा सांगतात. भिंतीवर पत्रिकांचे नमुने टांगलेले आहेत, कुठे वर सप्तशृंगी, कुठे मनुदेवी. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली आहे. खानदेशात आखाजी म्हणजे पितरांची घागर, खापरावरची पुरणपोळी, आमरस, माहेरी आलेल्या मुलींचे झोके. शिवाय साडेतीन मुहूर्तांतला दिवस, त्यामुळे लग्नांची दाटी. मी भाचीच्या पत्रिकेचं प्रूफ तपासायला आले आहे, आणि ते प्रूफ याच घरघरणाऱ्या यंत्रात आहे.

यंत्र ऑल-इन-वन. पडदा आणि संगणक एकाच अंगात, खाली वेगळा डबा नाही. आप्पांनी ते २०१३च्या सुमाराला घेतलं. टेबल लहान, त्यावर कागद कापायची सुरी, खळ, कार्डांचे गठ्ठे. डब्याला जागाच नव्हती. वीज गेली तर इन्व्हर्टरवर बराच वेळ निभावतं, हा दुसरा फायदा.

"समदा नवा लेवाले सांगतस," आप्पा मला सांगतात. "पन मनं समदं काम यामाच शे."

हे नुसतं जुन्याचं प्रेम नाही. या यंत्रावर विंडोज सेव्हन आहे, पेजमेकर आहे आणि श्रीलिपीची जुनी आवृत्ती आहे, जी यूएसबीला खोचलेल्या छोट्या कुलपाशिवाय उघडत नाही. वर्षानुवर्षांच्या पत्रिका त्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या आहेत. युनिकोड नसलेला तो मजकूर दुसऱ्या संगणकावर, तो फॉन्ट नसताना उघडला, की 'चि. सौ. कां.' या अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. थोरल्या भावाची पत्रिका इथे छापलेली असली, की धाकट्याच्या वेळी काका-मामांची सगळी नावं तयार मिळतात. गावातल्या कितीतरी घरांची नाती या एका डिस्कवर ओळीने मांडलेली आहेत. विंडोज सेव्हनला कंपनीने द्यायची सुरक्षा १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, म्हणून आप्पांनी याला इंटरनेटच जोडलेलं नाही. पेन ड्राइव्हवर सगळं उतरवून ठेवतात तेवढंच. माझ्या मते हा अगदी शहाणपणाचा बंदोबस्त आहे.

पोरगा संगणक रीतसर बंद करतो, ॲडाप्टरची पिन काढतो, मग चालू करायचं बटण काही वेळ दाबून धरतो. "आतली उरलीसुरली वीज जाते," तो म्हणतो. टेबलावर जुनी चादर पसरून तो यंत्र पडद्याच्या बाजूने पालथं ठेवतो, म्हणजे काच खाली, पाठ वर. स्टँडचे स्क्रू निघतात. झाकणाला मात्र स्क्रू दोनच. बाकी सगळीकडे आतून प्लास्टिकच्या कड्या. खिशातून तो जुनं, मुदत संपलेलं एटीएम कार्ड काढतो आणि खालच्या फटीत सारतो. टक. कार्ड दोन बोटं पुढे. टक. लोखंडी पेचकस घातला असता तर काम लवकर झालं असतं, पण कडी मोडली असती आणि कडेला ओरखडे राहिले असते. वरच्या कोपऱ्यात एक कडी अडते. तो जोर लावत नाही. कार्ड मागे घेतो, बाजूच्या दोन कड्या आधी मोकळ्या करतो, मग ती आपसूक सुटते.

झाकण उचलल्यावर आप्पा पुढे वाकतात. मीही वाकते.

आत जागा अशी नाहीच. डाव्या हाताला हार्ड डिस्क, मधे मदरबोर्ड, उजवीकडे चपटा काळा पंखा. प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा बसवलेला आहे, त्यातून तांब्याची चपटी नळी निघून पंख्याच्या तोंडाशी असलेल्या बारीक पत्र्यांच्या जाळीत शिरते. या नळीत अगदी थोडा द्रव असतो. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, जाळीकडच्या टोकाला ती वाफ पुन्हा द्रव होते, आणि अशी उष्णता एकीकडून दुसरीकडे वाहून नेली जाते. तिथून पुढे तिला बाहेर काढायचं काम पंख्याचं. हा पंखा छताच्या पंख्यासारखा समोर वारा टाकत नाही. मधून हवा ओढतो आणि कडेने जाळीतून ढकलतो.

जाळी दिसतच नाही. तिच्यावर करड्या रंगाचा जाड थर आहे. पोरगा चिमट्याने थराचं एक टोक धरतो आणि ओढतो. अख्खी पट्टी एकसंध निघून येते. ती तो आप्पांच्या हातावर ठेवतो. "धूळ आहे, पण नुसती धूळ नाही. बघा."

आप्पा पट्टी बोटांनी सोडवतात. आत पांढरे धागे आहेत. रुई. पाचोरा तालुका कापसाचा. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली, कापसाच्या गाड्या रस्त्याने जाऊ लागल्या, की हवेत तंतू तरंगतात आणि कुठल्याही फटीतून आत जातात. धूळ एकटी असती तर बरीचशी वाऱ्याबरोबर बाहेर पडली असती. तंतू पत्र्यांत अडकले, तंतूंनी धूळ धरली. त्यात उन्हाळ्यात कूलर. ओली हवा थेट यंत्राच्या पाठीवर, त्यामुळे धूळ चिकटून बसली. कागदाचा भुसाही त्यात आहेच. पुण्यातल्या एखाद्या वातानुकूलित कचेरीत हे यंत्र इतकी वर्षं उघडलं नसतं तरी चाललं असतं. इथे नाही चालत. अशा यंत्रांच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान बहुतेक वेळा १० ते ३५ अंश सेल्सिअस छापलेलं असतं. खानदेशातला वैशाख ४२-४४ अंशांवर सहज जातो. पंखा कितीही चांगला असला तरी तो खोलीतलीच हवा फिरवतो. खोलीपेक्षा थंड काही करू शकत नाही. म्हणजे पाचोऱ्यातल्या संगणकाची सुरुवातच तिथून होते, जिथे माहितीपत्रक संपतं. म्हणूनच इथल्या यंत्राला पंख्याची गरज जास्त, आणि इथलाच पंखा लवकर झिजतो.

पंख्याला तीन बारीक स्क्रू आहेत. ते काढून झाकणावरच्या चुंबकाला चिकटवून ठेवल्यावर पोरगा मदरबोर्डवरची पिन सोडवायला घेतो. वायर धरून ओढत नाही. नखाने पिनेचा पांढरा ठोकळा दोन्ही बाजूंनी थोडा थोडा सरकवतो. पंखा हातात आल्यावर तो पातं बोटाने फिरवून कानाशी नेतो, मग माझ्यापुढे धरतो. "मधला भाग वरखाली हलवून बघा, ताई."

हलतो. अगदी थोडा, पण हलतो.

"महिनाभरापूर्वी कोणी तेल घातलं होतं ना?"

आप्पा मान डोलावतात. शिलाई मशीनचं तेल. आठवडाभर आवाज गेला होता, मग दुप्पट झाला.

याचं कारण पोरगा हातातल्या पंख्यावर दाखवत सांगतो. स्वस्त पंख्यांत मधला दांडा सच्छिद्र धातूच्या एका बुशात फिरतो. बुशात तेल मुरवलेलं असतं आणि दांडा त्या तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. वर्षानुवर्षं उष्णता लागली की तेल आटतं. मग धातूवर धातू. त्यात बारीक धूळ गेली की बुश आतून खरवडला जातो, भोक मोठं होतं, दांडा डगमगायला लागतो आणि पातं कडेला घासतं. टक्‌टक् हा तोच आवाज. नवं तेल घातलं की पोकळी काही दिवस भरते. झिजलेला धातू परत येत नाही. बॉल बेअरिंगचा पंखा उष्णतेत जास्त टिकतो, किंमतही जास्त.

आता खरं काम. पिशवीतून तो दोन पंखे काढतो. मागच्या खेपेला त्याने झाकण उघडून जुन्या पंख्यावरच्या लेबलाचा फोटो काढून नेला होता. पत्रिका अडलेल्या, म्हणून आप्पांनी तेवढ्यावरच बंद करायला लावलं होतं. तो फोटो घेऊन तो जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये फिरला. संगणकाचं मॉडेल सांगून काही मिळत नाही, असं तो म्हणतो. कंपनी एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन जातींचे पंखे घालते. शोधायचा तो पंख्याचा नंबर.

मला दोन्ही पंखे सारखेच दिसतात. तो जुना मधे ठेवतो, नवे दोन बाजूंना, आणि एकेक गोष्ट जुळवत जातो. १२ व्होल्ट, तिन्हींवर. जाडी, सारखी. स्क्रूची भोकं जुळतात. पिन चारचीच. मग तो डावीकडचा पंखा उलटा करतो. त्याचं हवेचं तोंड आरशातल्यासारखं दुसऱ्या बाजूला आहे. हा बसवला असता तर बसला असता, फिरलाही असता, आणि सगळी हवा जाळीऐवजी हार्ड डिस्कवर गेली असती. तो पंखा परत पिशवीत.

चार वायरींचंही तो सांगतो. दोन वीज देतात. तिसरी पंख्याकडून मदरबोर्डला खबर नेते: दर फेऱ्याला दोन ठोके. ती खबर आली नाही, तर काही संगणक सुरू होतानाच पंख्याचा इशारा देऊन अडून बसतात. चौथी मदरबोर्डचा हुकूम पंख्याकडे आणते, किती जोरात फिरायचं तो. या हुकमाचे ठोके सेकंदाला साधारण २५,००० असतात. माणसाच्या कानाला २०,०००च्या वरचं ऐकू येत नाही, त्यामुळे हुकूम स्वतः आवाज करत नाही. ऐकू येते ती वाऱ्याची किंवा झिजेची तक्रार. हे ऐकल्यावर मला त्या पोराचं सुरुवातीचं वागणं कळतं. त्याने पडदा पाहिला नव्हता, हात ठेवून वारा पाहिला होता.

पडदा आणि संगणक एका खोक्यात घालणाऱ्यांना या आवाजाचा जाच पहिल्यापासून आहे. १९८४चा पहिला मॅकिंटॉश पंख्याशिवायच आला. त्याआधी १९८०मध्ये ॲपलनेच 'ॲपल थ्री' पंख्याविना काढला होता; तो तापायचा आणि आतल्या चिपा जागेवरून सैल व्हायच्या. सुबकपणाची किंमत कुणीतरी उष्णतेत मोजतंच. चपट्या यंत्रात पंखा लहान, लहान पंख्याला तेवढाच वारा द्यायचा तर जास्त फेरे, जास्त फेऱ्यांनी जास्त झीज. फिरून झिजणारा हा भाग एखाद्या दिवशी बदलावा लागणार, हे बनवणाऱ्यांना माहीत असतं. तरी त्याचा नंबर वापरणाऱ्याच्या हाताशी नसतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठीचं संकेतस्थळ सुरू केलं. हा हक्क काय असतो, ते मला आत्ता या चादरीवर दिसतं आहे. पंख्याचा नंबर, तो मिळण्याची जागा आणि झाकण न मोडता उघडणारा हात. या तिन्हींची सोय तालुक्याच्या गावात झाली पाहिजे, आणि ती करून देण्यात कंपन्यांचंही काही जात नाही.

नवा पंखा लगेच बसवायचा, असं मला वाटतं. पोरगा म्हणतो, "इतकं उघडलंच आहे तर प्रोसेसरवरची पेस्ट बघू." तांब्याच्या ठोकळ्याला चार स्क्रू, आणि पत्र्यावर त्यांच्याशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले. तो एकदम एक स्क्रू काढत नाही. एकाला थोडा पीळ, मग समोरच्या कोपऱ्यातल्याला, असं फिरत फिरत चारही सैल करतो, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच कडेवर भार येत नाही. ठोकळा उचलल्यावर खाली पांढरट, सुकून तडकलेली पेस्ट. दोन धातूंमधल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचा भरून उष्णता पुढे जावी, म्हणून ती असते. सुकली की त्या खाचांत हवा उरते, आणि हवा उष्णतेला अडवते. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने तो दोन्ही पृष्ठभाग चकचकीत पुसतो. मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट. आप्पांना ती फार कमी वाटते, ते बोट दाखवतात.

"जास्त घातली तर बाहेर पसरते, आप्पा. दाबली की आपोआप पुरते."

जाळी साफ करायला तो ब्लोअर घेऊन यंत्रासह बाहेर ओट्यावर जातो. शेजारचा रसवंतीवाला दुरूनच हात हलवून सांगतो, इकडे उडवू नको. पोरगा तोंड फिरवतो आणि बोळाच्या रिकाम्या बाजूला धूळ सोडतो. करडा लोट निघतो, मग पिवळट, मग काहीच नाही. पत्रे चमकायला लागतात.

आत येऊन पंखा बसवायला फारसा वेळ लागत नाही. तीन स्क्रू, पिन, वायर मूळच्या खाचेत, म्हणजे पात्याला लागणार नाही. पण झाकण तो लावत नाही. यंत्र तसंच उघड्या पाठीने कडेवर उभं करून ॲडाप्टर जोडतो. "आधी चालवून बघायचं. झाकण लावून मग परत काढायचं म्हणजे कड्यांचा जीव जातो."

आप्पा बटण दाबतात. पंखा एकदम जोरात फिरतो आणि लगेच खाली उतरतो.

"बंद पडी गया का?" आप्पा दचकतात.

"नाही. सुरुवातीला पूर्ण वेगाने फिरून बघतो, मग हुकमाप्रमाणे."

तापमान दाखवणारा एक छोटा प्रोग्राम त्याने पेन ड्राइव्हवर आणला आहे. झाकण उघडण्याआधी त्याने आकडे टिपून ठेवले होते: नुसतं चालू असताना ७९, पत्रिकेची मोठी फाइल उघडताना ९६. प्रोसेसर शंभराच्या आसपास पोचला की जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो. आता आकडा ५८ आहे. आप्पा मोठ्यात मोठी फाइल उघडतात, आतमध्ये फोटो आणि सोनेरी किनारी असलेली. आकडा ७१ला जाऊन थांबतो, पंख्याचे फेरे वाढलेले खालच्या चौकटीत दिसतात. आणि फाइल चटकन उघडते.

आप्पा ती बंद करून परत उघडतात. मग दुसरी उघडतात. "हाई दख," ते मला म्हणतात, "हाई ते पयले एक चहा व्हई जाय तवलोंग उघडे नही."

वर्षभर ते समजत होते, की संगणक म्हातारा झाला. कुणी म्हणालं रॅम वाढवा, कुणी म्हणालं व्हायरस. यंत्र तापत होतं आणि स्वतःला आवरत होतं, एवढंच. अशी किती यंत्रं 'स्लो झालं' म्हणून भंगारात गेली असतील, या विचाराने मी अस्वस्थ होते. पाचोऱ्यातच शाळांमध्ये, पतपेढ्यांमध्ये, सेवा केंद्रांमध्ये याच वयाचे संगणक असतील. त्यांच्या पाठीवर कुणी हात ठेवून पाहिलाय का?

झाकण कड्यांवर दाबत बसतं. पोरगा मग बसवायच्या जागेकडे वळतो. यंत्र भिंतीला टेकवलेलं होतं. तो ते चार बोटं पुढे ओढतो. यंत्राच्या डोक्यावर आप्पांच्या घरून आलेलं विणकामाचं झाकणं होतं, नेमकं हवेच्या फटींवर. ते तो घडी करून आप्पांच्या हातात देतो. "रात्री दुकान बंद केल्यावर घाला. दिवसा नको." कूलरचं तोंडही तो वळवतो, वारा आता आप्पांच्या अंगावर येईल, यंत्राच्या पाठीवर नाही.

माझं प्रूफ उघडतं. भाचीच्या आजोळच्या नावांत एका मामांचं नाव राहिलं आहे. आप्पा ते टाइप करतात, श्रीलिपीच्या सवयीच्या कळांवर, न बघता. बोळातून आणखी एक कुटुंब आत येतं, हातात नावांची वही.

पैशांचं बोलणं लवकर उरकतं. पंख्याची किंमत, मजुरी; पेस्टचे वेगळे तो घेत नाही. जुना पंखा आप्पा कचऱ्यात टाकायला निघतात तेव्हा मात्र तो हात पुढे करतो. "द्या मला. याची पिन चांगली आहे. एखाद्याची पिन मोडलेली येते, तेव्हा हीच लावतो."

पिशवी खांद्याला लावताना तो सांगतो, की आता पेस्ट नको, पंखा नको. फक्त कापसाचा हंगाम सरला की एकदा उघडून जाळी झटकायची. फाल्गुनाच्या आत. कूलर लागण्याआधी.

"मंग तूच फोन कर," आप्पा वहीतल्या नावांवरून नजर न काढता म्हणतात. "माले ध्यान ऱ्हास नही."

पोरगा तिथेच उभ्या उभ्या मोबाइलमध्ये फेब्रुवारीची तारीख टाकतो आणि आप्पांना दाखवतो.